न तुटलेली कडी

लढाऊ विमानांची रचना करणाऱ्या एका संस्थेत एकदा एक तरुण मुलगी शिकाऊ अभियंता म्हणून रुजू झाली. तिचं नाव ऊर्मिला भोईटे. ती फलटणची. तिची निवड झाल्याचं कळलं त्याच आठवड्यात गावातल्या हौशी मंडळींनी चौकात तिच्या अभिनंदनाचा भला मोठा फलक लावला. ‘फलटणची कन्या बनवणार लढाऊ विमान’ अशी त्यावर ठळक अक्षरं होती आणि तिच्या फोटोभोवती तिच्याहून मोठे फोटो शुभेच्छुकांचे होते. कौतुकाच्या अशा फलकाचं ओझं ज्याचं कौतुक झालं त्याच्या डोक्यावर किती असतं, याचा विचार फलक लावणाऱ्यांनी करायचा नसतो आणि ते करतही नाहीत.

विमान ती एकटी बनवणार नव्हती, हे सांगायला नकोच. तिच्या वाट्याला एक कडी आली होती. विमानाचा पंख धडाला काही भक्कम धातूच्या कड्यांनी जोडलेला असतो. विमान हवेत झपकन वळलं की त्याचं वजन जणू कितीतरी पटींनी वाढतं आणि तो सगळा भार पंखाकडून धडाकडे या कड्यांमधूनच जातो. त्यातली एक कडी ऊर्मिलाची. त्या कडीच्या मागे, धडाच्या आत, तिला आधार देणारी जी धातूची चौकट असते, ती शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या इरफान मुजावरची. इरफान मिरजेचा, तिच्यासारखाच शिकाऊ. दोघं डबा एकत्र खात. कडीवर भार किती येईल याचं गणित ऊर्मिलाने मांडायचं, तो आकडा इरफानला सांगायचा आणि त्या आकड्यावर विसंबून त्याने चौकट आखायची, अशी कामाची रीत होती. पंखाची भारचाचणी झाली की दोघांच्या उमेदवारीचा काळ संपणार होता. पंखाच्या गटात कायम कोण होणार आणि घरी कोण जाणार, हे त्यानंतर ठरायचं होतं.

या गटाचे प्रमुख होते कारखानीस सर. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, तरी संस्था त्यांना सोडत नव्हती आणि तेही संस्थेला सोडत नव्हते. त्यांची एक विलक्षण सवय होती. कुणीही आपला आराखडा दाखवायला आणला, की तो किती मजबूत आहे हे ते कधी विचारत नसत. ‘कुठे तुटेल?’ एवढंच विचारत. भारचाचणीच्या दिवशी तर ते खिशातून लाल खडूचा तुकडा काढून रचनाकाराच्या हातात देत आणि जिथे तुटेल असं वाटतं तिथे खूण करायला सांगत. नव्या मुलांना हा प्रकार अशुभ वाटे. नारळ फोडायच्या दिवशी अपघाताची जागा विचारावी, तसं काहीतरी.

ऊर्मिला स्वभावानेच धास्तावलेली. खोलीला कुलूप लावल्यावर ती ते दोनदा ओढून बघे आणि जिना उतरून पुन्हा वर येई. रविवारी आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असे.

“उडालं का गं विमान?”

“आई, अजून लई वेळ आहे त्याला.”

“बरं. सावकाश होऊ दे. पण चौकात सगळी विचारत्यात म्हणून आपलं.”

फोन ठेवल्यावर तिला जेवण जात नसे. आपण नापास होऊन परत गेलो तरी तो फलक तिथेच लटकत असेल, येणारे-जाणारे बघत असतील, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलत नसे.

तरीही इथवर सगळं ठीक चाललं होतं. कडीचं गणित तिने नीट मांडलं होतं, आकडा इरफानला सांगितला होता आणि त्याची चौकट आखूनही झाली होती. अशात एके दिवशी जो वैमानिक या विमानाचं पहिलं उड्डाण करणार होता, तो कारखान्यात सहज फेरफटका मारायला आला. हसतमुख, सडपातळ, हातात चहाचा कागदी पेला. नमुन्यासाठी बनवलेली कडी टेबलावर होती. त्याने ती उचलून पाहिली.

“ताई, हीच का ती? म्हणजे हिच्याच भरवशावर मी वर जायचं?” तो थट्टेने म्हणाला. “तुटणार नाही ना?”

“नाही,” ऊर्मिला घाईघाईने म्हणाली. “कधीच नाही.”

वैमानिकाने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. कडी खाली ठेवून तो निघून गेला.

आजवर कडी ही तिच्या लेखी एक आकृती होती. त्या दिवसापासून त्या आकृतीला एक माणूस लटकलेला दिसू लागला. गणित बरोबर होतं, तिने ते पुन्हा तपासलं, आणखी एकदा तपासलं. पण भीतीला गणित पटत नाही. शेवटी तिने कडीची जाडी थोडी वाढवली. फार नाही, नखभर. तेवढ्याने जिवाला जरा बरं वाटलं. मग तिने आणखी नखभर वाढवली.

बदलाच्या कागदावर सह्या घ्यायला ती घाबरत घाबरत गेली, पण तिला कुणी अडवलं नाही. एखादी वस्तू पातळ करायची म्हटली तर चार जण चष्मे सरसावून उलटतपासणी घेतात. जाड करायची म्हटली तर सगळे मान डोलावतात. थोडं वजन वाढेल, एवढंच एक जण पुटपुटला आणि त्यानेही सही केली. कारखानीस सरांची सहीसुद्धा मिळाली.

इरफानला मात्र तिने हे सांगितलं नाही. डबा खाताना दोनदा विषय ओठांवर आला होता. पण तो विचारणार, का वाढवलीस? आणि मला भीती वाटली, याखेरीज तिच्याकडे उत्तर नव्हतं. तसं ती लपवत नव्हती, अशी तिने स्वतःची समजूत घातली. कडी जास्त मजबूत झाली, यात कुणाचं काय वाईट होणार?

चाचणीचा दिवस उजाडला. मोठ्या दालनात विमानाचं धड जमिनीला जखडून ठेवलं होतं आणि पंखाला खालून वर रेटणारे जॅक लावले होते. उड्डाणात येईल त्या सर्वांत मोठ्या भाराच्या दीडपट भार पंखाने सोसला पाहिजे, असा नियम होता. कारखानीस सर ऊर्मिलाजवळ आले आणि त्यांनी खिशातून लाल खडू काढला.

“कुठे तुटेल?”

“तुटणार नाही, सर.”

“सगळं तुटतं, बाळ. कुठे, ते विचारतोय.”

आपली कडी तुटण्याचा विचारही मनात आणायला ती तयार नव्हती. सरांनी खडू तिच्या समोरच्या टेबलावर ठेवला आणि ते आपल्या जागी जाऊन उभे राहिले.

भार चढू लागला. पंखाचं टोक हळूहळू वर उचललं जाऊ लागलं. उड्डाणातला सर्वांत मोठा भार पार झाला तेव्हा कुणीतरी हळूच टाळी वाजवली आणि बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. ऊर्मिला फक्त आपल्या कडीकडे बघत होती. दीडपटीचा आकडा जवळ येत होता, थोडंच उरलं होतं, आणि एकदम तोफ डागावी तसा आवाज झाला. दालनात धूळ उडाली. कुणीतरी ओरडलं, “थांबवा!”

बॅटऱ्या घेऊन माणसं आत धावली. थोड्या वेळाने आतून आवाज आला. “कडी शाबूत आहे. मागची चौकट गेली. मुजावरची.”

ऊर्मिलाने श्वास सोडला. माझी नाही. तिच्या मनात पहिला विचार हाच आला आणि तो इतका सुखाचा होता की तिची तिलाच शरम वाटली. तिने वळून पाहिलं. इरफान एका उलट्या खोक्यावर बसला होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पुढचे दिवस फार वाईट गेले. सोमवारी चौकशी समिती बसणार होती. इरफानला आता घरी जावं लागणार, हे सगळे धरून चालले होते. काही जण तर त्याच्याशी आधीच निरोप घेतल्यासारखं मऊ बोलू लागले होते. येणारा-जाणारा ऊर्मिलाची पाठ थोपटत होता. कडी कशी पोलादासारखी उभी राहिली, असं म्हणत होता.

इरफानने डबा उघडलाच नाही. तो आपलं गणित पुन्हा मांडत होता.

“कुठं चुकलं तेच कळंना बघ,” तो म्हणाला. “तू सांगितलेल्या भारावरच तर केलती चौकट. वर थोडं राखूनबी ठेवलं होतं. अब्बांना काय सांगू आता? त्यांनी गल्लीभर पेढे वाटल्यात.”

ऊर्मिला मान खाली घालून बसली. काहीतरी तिला आतून टोचत होतं. जाड झालेल्या कडीचं गणित पुन्हा मांडून बघायला तिला फार वेळ लागला नसता. पण तिने ते मांडलं नाही. मांडलं की उत्तर येईल, आणि ते उत्तर काय असेल याची तिला धास्ती होती.

सोमवारी समिती दालनात जमली. तडा गेलेली चौकट उघडी करून ठेवली होती. समितीचे अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले की दोष कुठे आहे ते डोळ्यांना दिसतंच आहे, तेव्हा फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. इरफान हात मागे बांधून उभा होता.

तेवढ्यात कारखानीस सर पुढे झाले. त्यांनी खिशातून लाल खडू काढला, तडा ओलांडून ते पुढे गेले आणि ऊर्मिलाच्या धडधाकट, चकचकीत कडीभोवती त्यांनी सावकाश एक वर्तुळ काढलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. म्हाताऱ्याची नजर गेली की काय, असं काहींच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं.

“सर,” अध्यक्ष अदबीने म्हणाले, “तडा इकडे आहे.”

“दिसतोय मला. चष्मा आहे,” सर म्हणाले. “पण मोडलं इथून आहे.”

मग त्यांनी खडूची बोटं झटकली आणि कुणाकडेही न बघता विचारलं, “या कडीबद्दल कुणाला काही सांगायचं आहे?”

ऊर्मिला गप्प राहिली तर चालणार होतं. कडी शाबूत होती, कागदावर सगळ्यांच्या सह्या होत्या, तिला कुणी बोल लावला नसता. तिने इरफानकडे पाहिलं. तो अजूनही त्या तड्याकडेच बघत होता, आपली चूक शोधत होता.

“मी जाड केली ती,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा सांगावं लागलं. “मी कडी जाड केली, सर. गणितात गरज नव्हती. मला भीती वाटली म्हणून केली. आणि इरफानला सांगितलं नाही.”

इरफानने चमकून वर पाहिलं.

तेव्हा कारखानीस सर जमलेल्या सगळ्यांना म्हणाले, “चार जण एक लोखंडी कपाट उचलून नेतायत असं समजा. चौघं सारखे वाकले आहेत, भार वाटला गेला आहे. त्यातल्या एकाला भीती वाटली की कपाट पडेल. तो बिचारा सगळं बळ लावून ताठ उभा राहिला. आता काय होईल? बाकी तिघांना कपाट हलकं लागेल आणि सगळा भार त्या एकाकडे येईल. त्याचे हात भक्कम आहेत, ते काही सुटायचे नाहीत. पण त्याच्या पायाखाली जी फळी आहे, तिला कुणी विचारलं होतं का? तिला सांगितलं होतं चौथा हिस्सा येईल म्हणून. फळी मोडते. लोक म्हणतात, फळीच कच्ची होती.”

ते चौकटीजवळ गेले आणि त्यांनी तिच्यावर हात ठेवला. “ही इमानी आहे. सांगितलं होतं त्याहून पुष्कळ जास्त हिने पेललं. कडी ताठ झाली म्हणून भार तिच्याकडे ओढला गेला आणि तिने तो मागे ढकलला. भीती झाकून ठेवली की ती जात नाही, शेजारच्याच्या अंगावर जाते. आणि अध्यक्ष महाराज, जाडी वाढवण्याच्या त्या कागदावर माझीही सही आहे. जाड करायला निघालेल्या माणसाला मी ‘का?’ म्हणून विचारलं नाही. तेव्हा घरी पाठवायचंच असेल तर पहिला नंबर माझा लावा.”

घरी कुणालाच पाठवलं गेलं नाही. इरफान त्याच महिन्यात कायम झाला. ऊर्मिलाचं कायम होणं पुढच्या चाचणीपर्यंत लांबणीवर पडलं. त्या सोमवारी दालन रिकामं झाल्यावर ती सरांसमोर जाऊन उभी राहिली.

“भीती वाटली तेव्हा माझ्याकडे का आली नाहीस?” सरांनी विचारलं.

“वाटलं, तुम्ही म्हणाल ही मुलगी या कामाची नाही.”

“ज्याला भीती वाटत नाही, त्याला मी या कामाला हातच लावू देत नाही. वर एक माणूस बसणार आहे. त्याच्या जिवाची भीती आपल्याला वाटायलाच हवी. पण ती बोलायची असते. चार जणांत बसून बोललीस की तिचं गणित मांडता येतं. धातूत घालून ठेवलीस की ती नुसतं वजन होते.”

इरफान दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिने ते मुकाट्याने सोसलं. तिसऱ्या दिवशी त्याने डबा तिच्या टेबलावर आणून ठेवला.

“पुढच्या वेळंला भ्या वाटलं तर आधी मला सांगायचं,” तो म्हणाला. “दोघं मिळून भिऊ.”

कडी पुन्हा पातळ करणं हे तिच्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम ठरलं. वाढवताना जिवाला जितकं बरं वाटलं होतं, तितकंच कमी करताना जीव खालीवर होत होता. पण या खेपेला तिने प्रत्येक धास्ती उघड बोलून दाखवली. यातली एक खरी निघाली. कडीच्या एका वळणाशी भार खरोखरच साचत होता, आणि ती जागा त्यांनी सुधारली. बाकीच्या धास्त्या गणितापुढे टिकल्या नाहीत.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी सरांनी तिच्यापुढे खडू धरला. काही विचारलं नाही. तिने तो घेतला, शिडी चढून ती पंखापाशी गेली आणि कडीपासून बऱ्याच अंतरावर, पंखाच्या खालच्या पत्र्यावर तिने एक आडवी रेघ ओढली.

भार चढला. दीडपटीचा आकडा आला आणि पंख तसाच उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी पेढ्यांचा पुडाही उघडला. सरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि जॅकवाल्यांना चालू ठेवायची खूण केली. भार आणखी थोडा चढला आणि तोच तोफेसारखा आवाज झाला.

तडा तिच्या रेघेपासून वीतभर अलीकडे गेला होता. कडी आणि चौकट दोन्ही जागच्या जागी होत्या.

“वीतभर चुकलीस,” सर म्हणाले.

“हो, सर.”

“असू दे. ती वीत शिकायला अख्खं आयुष्य आहे तुझ्यापुढे.” एवढं बोलून ते पेढा घ्यायला गेले. ऊर्मिला कायम झाल्याचं तिला असं कळलं.

पहिल्या उड्डाणाच्या दिवशी सकाळी तो वैमानिक विमानाभोवती फेरी मारत होता. पंखाखाली त्याला ऊर्मिला उभी दिसली. त्याने तिला ओळखलं.

“काय ताई,” तो म्हणाला, “तुटणार नाही ना?”

“तुटेल,” ती म्हणाली.

शेजारी उभा असलेला इरफान दचकला. वैमानिकाच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

ऊर्मिलाने हात वर करून पंखाच्या पोटावर एका जागी बोट ठेवलं. “इथे तुटेल. किती भार आला की तुटेल, तेही आम्हाला माहीत आहे. आम्ही तोडून बघितलंय. तुम्हाला वळायची जी मर्यादा दिली आहे, ती त्याच्या पुष्कळ अलीकडची आहे. त्या मर्यादेपर्यंत खुशाल जा. पलीकडे जाऊ नका.”

वैमानिक त्या जागेकडे बघत राहिला. मग त्याने एक मोठा श्वास घेतला आणि त्याचे खांदे सैल पडले.

“हे त्या दिवशीच सांगायचं होतंत,” तो म्हणाला. “तुमचं ते ‘कधीच नाही’ ऐकल्यापासून झोप नव्हती मला.”

त्याने शिरस्त्राण डोक्यावर चढवलं आणि तो शिडी चढू लागला. ऊर्मिलाने इरफानला म्हटलं, “मला भीती वाटतीये.”

“मलाबी,” इरफान म्हणाला, आणि दोघं धावपट्टीच्या कडेला जाऊन उभे राहिले.